ताडपत्रीखालचे अंकल क्लॅरी

ऑस्ट्रेलियातल्या यारंडी गावच्या शाळेत गोऱ्या-काळ्यांची सलोखा समिती होती. समितीत सात मुलं, आणि त्यांतली कूरी, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासींपैकी, एकटी शर्नी. त्यामुळे कुठलाही प्रश्न निघाला की सहा माना आपोआप तिच्याकडे वळायच्या. झेंडा उलटा तर लागला नाही ना? अंकलना, म्हणजे कूरी वडीलधाऱ्यांना, आधी चहा द्यायचा की आधी भाषण करायचं? हे चित्र काढलं तर कुणाला राग येईल का? सगळं शर्नीला विचारून. आणि शर्नी सांगायचीही, अगदी ठणकावून. वास्तविक तिला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं.

यात तिचा दोष म्हणाल तर तोही नाही. तिच्या नॅनला, म्हणजे आजीला, चार वर्षांची असताना सरकारी गाडीतून उचलून नेलं होतं; त्या काळी सरकार कूरी मुलं घरच्यांपासून तोडून गोऱ्यांच्या वळणाने वाढवायचं. मुलींच्या आश्रमात तिला इस्त्री करायला शिकवलं, प्रार्थना म्हणायला शिकवलं, आडनाव बदललं, आणि तू कुठली, कुणाची, हे कधी सांगितलं नाही. नॅन सिडनीत म्हातारी होऊन वारली तेव्हा तिच्या कागदांत एके ठिकाणी 'यारंडी' एवढा एक शब्द सापडला. यारंडीच्या हॉस्पिटलात नर्सची जागा निघाल्याबरोबर शर्नीच्या आईने बिऱ्हाड हलवलं. त्याला आता दोन वर्षं झाली. गावात निम्मी वस्ती कूरी लोकांची. पण त्यांतले आपले कोण, हे मायलेकींना ठाऊक नव्हतं. दुकानात एखादी म्हातारी शर्नीला निरखून बघायची, शर्नीही तिला बघायची, आणि दोघी आपापलं दूध घेऊन घरी जायच्या.

समितीने केलेलं खरं काम एकच, पण ते कुणालाही मान खाली घालायला लावणार नाही असं होतं. गावच्या पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर त्यांनी अंकल क्लॅरींचा चेहरा रंगवून घेतला. दोन माणसं उंच चेहरा, कपाळावरच्या आठ्यांसकट. याच अंकल क्लॅरींना नऊ वर्षांचे असताना या तलावाच्या फाटकावरून हाकललं गेलं होतं, कारण काळ्या पोरांना आत मज्जाव होता. आता त्याच फाटकाशेजारी ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भिंतभर हसत होते. कौन्सिलकडून परवानगी काढायला पोरांना सात महिने लागले. चित्र पुरं झालं, आणि पंधरवड्यात कुणीतरी रात्रीतून त्यावर पांढरा रंग फेकला. सातही जणांनी गुडघे टेकून, घासून घासून तो काढला. अंकल खुर्ची टाकून समोर बसले होते. "नाकाचं जरा जपून गं," म्हणाले, "आधीच एकदा मोडलंय ते."

चित्र रंगत असताना अंकल रोज यायचे. थर्मासमधून चहा ओतायचे, चुका काढायचे. एकदा त्यांनी शर्नीला जवळ बोलावलं आणि इथला प्रत्येक म्हातारा विचारतो तो प्रश्न विचारला.

"कोणाची गं तू?"

शर्नीचा चेहरा पडला. "ठाऊक नाही, अंकल. नॅनचं नाव आयव्ही होतं. तिला इथूनच नेलं. एवढंच माहीत आहे."

अंकलनी तिचा चेहरा नीट निरखला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आयव्ही होय. थांब, व्हर्नाला विचारतो. हे असलं रस्त्यावर नाही सांगायचं. तुझ्या आईला घेऊन घरी ये, बसून बोलू."

व्हर्ना ही त्यांची धाकटी बहीण, आणि तिला सगळं गाव टरकून असायचं. पण शर्नी गेली नाही, ती काही तिच्या भीतीने नव्हे. समजा अंकल म्हणाले, ती आयव्ही नाही, दुसरी कुठली असेल? आज निदान आशा तरी होती. गेलो आणि तीही संपली तर? म्हणून या आठवड्यात परीक्षा, पुढच्या आठवड्यात आईची ड्युटी, असं करत करत तिने पाच महिने घालवले. आईला तर तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. ऑगस्टच्या थंडीत अंकल क्लॅरी न्यूमोनियाने गेले.

आता त्यांच्याबरोबर ते उत्तरही गेलं, असंच शर्नीला वाटलं. ती रडली, पण आपण नेमकं कुणासाठी रडतोय, हे तिचं तिलाच समजेना. अंकलसाठी की स्वतःसाठी? आणि स्वतःसाठी असेल तर ही केवढी लाज.

अंत्यविधी शुक्रवारी होता. गुरुवारी दुपारी समितीची अध्यक्ष इमोजेन धापा टाकत वर्गात आली. इमोजेन गोरी, अभ्यासू, मनाने सोन्यासारखी; दुसऱ्यांसाठी वाईट वाटून घेण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"अंकलची शवगाडी उद्या तलावावरून जाणार आहे!" ती म्हणाली. "कौन्सिलने रस्ता बंद करायची नोटीस लावली आहे. आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" अँगस म्हणाला. अँगस शेतकऱ्याचा मुलगा. दिसायला बैल, बोलायला गाय.

"अरे, चित्र! त्यांचा चेहरा! त्यांच्यात गेलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा नसतो, नाव घ्यायचं नसतं. टीव्हीवर आदिवासींच्या दर कार्यक्रमाआधी तशी सूचना नसते का? घरचे लोक तिथून जाणार आणि समोर हा एवढा मोठा चेहरा! केवढं भयंकर!" मग ती शर्नीकडे वळली. "शर्नी, बरोबर आहे ना?"

सहा माना वळल्या.

शर्नीने ती सूचना हजार वेळा वाचली होती. सोफ्यावर बसून, हातात बिस्किटं घेऊन, इमोजेनने वाचली असेल तशीच. तिच्या घरी मेलेल्या माणसाचं काय करतात? नॅनचा फोटो तर फ्रिजवर होता, केळ्याच्या आकाराच्या चुंबकाखाली. तो काढायला हवा होता का? की आम्हालाच काही कळत नाही म्हणून तो तिथे आहे? 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण ते म्हटले की मग आपण या समितीत कशाच्या जोरावर बसलोय?

"झाकायला हवं," ती म्हणाली.

"घरच्यांना एकदा विचारूया का?" अँगसने हळूच विचारलं. "आंटी व्हर्नांना फोन करून."

"दुःखात आहेत ते, अँगस!" इमोजेन म्हणाली. "अशा वेळी फोन करतात का?"

अँगसने पुन्हा शर्नीकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला फक्त तिचा होकार हवा होता. आंटी व्हर्नांना फोन करायचा म्हणजे पलीकडून पहिला प्रश्न कोणता येणार, हे शर्नीला पक्कं ठाऊक होतं. कोणाची गं तू?

"नको," ती म्हणाली. "आमच्यात असं विचारत नाहीत."

हे 'आमच्यात' तिच्या तोंडून इतकं सहज निघालं की तिलाच दचकायला झालं.

अँगसने बापाच्या ट्रकमधून निळी ताडपत्री आणली. ती गवताच्या गासड्यांवर टाकायची, त्यामुळे तिला वाळक्या गवताचा वास येत होता. अँगस शिडीवर चढला आणि गासड्या बांधतात तशा गाठी मारून त्याने ती वर छपराच्या लोखंडी आकड्यांना आणि खाली कुंपणाला घट्ट आवळली. चारशे मैल ट्रक गेला तरी सुटणार नाहीत अशा गाठी. अंकलचे डोळे सर्वांत शेवटी झाकले गेले. इमोजेनने डोळे पुसले. सगळ्यांना आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटत होतं. शर्नी तेवढी ताडपत्रीकडे बघायचं टाळत होती.

शुक्रवारी चर्चमधून निघालेली अंत्ययात्रा अकराच्या सुमारास तलावाशी आली. पुढे काळी गाडी, मागे चालत सगळं कूरी गाव, आणि गोरेही बरेच. बायकांच्या गळ्यात आपल्या झेंड्याच्या रंगांचे लाल, काळे, पिवळे रुमाल. समिती शाळेच्या गणवेशात फुटपाथवर ओळीने उभी होती. गाडी बरोबर चित्रासमोर थांबली. थांबणारच होती. घरच्यांनी त्यासाठीच हा रस्ता मागून घेतला होता, ही गोष्ट तेवढी समितीला कुणी सांगितली नव्हती, कारण समितीने कुणाला विचारलंच नव्हतं.

सगळ्यांनी माना वर केल्या. समोर निळी ताडपत्री.

क्षणभर कुणालाच काही उमगेना. मग अंकलचा पुतण्या जॅरड ओरडला, "परत केलं! परत रंग फासला हरामखोरांनी!" तो सुटाबुटात कुंपणावर चढला. आणखी तिघे धावले. गाठी ओढू लागले, पण त्या सुटायचं नाव घेईनात. कुणीतरी चाकू मागितला. कुणी म्हणालं, अंत्ययात्रेत चाकू कोण घेऊन येतं रे? लहान पोरं रडायला लागली. गर्दीतून कौन्सिलच्या माणसाला दोघांनी धरून पुढे आणलं.

"तुम्ही झाकलंत? रंग दिसू नये म्हणून?"

"आम्ही कशाला झाकू?" तो माणूस घामाघूम. "शाळेच्या मुलांनी झाकलंय. समितीने. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

सगळं गाव फुटपाथकडे वळलं. अशा वेळी पायाखालची जमीन सरकली असं म्हणतात. शर्नीच्या पायाखालची जागची हललीसुद्धा नाही, आणि तेच वाईट होतं. ती मेली नाही, गडप झाली नाही, गणवेशात उभीच राहिली.

इमोजेन रडायला लागली. अँगस पुढे झाला. "माझी ताडपत्री आहे," तो म्हणाला. कान लालभडक. "गाठी मीच मारल्या. सोडवून देतो. माफ करा."

"तू? तुला कुणी अक्कल शिकवली रे?" जॅरड कुंपणावरूनच गरजला. "आयुष्यभर तुम्ही लोकांनी आमच्या काकाला या फाटकाबाहेर ठेवलं, आता मेल्यावर तोंडपण झाकता? तुझ्या आज्याने हाकललं असेल त्याला, नि तू..."

अँगसने मान खाली घातली. झाकायला कुणी सांगितलं, हे त्याने सांगितलं नाही. सांगणारही नव्हता. त्याच्याकडे बघून शर्नीला कळलं की आपण नुसतं गप्प राहिलं तरी आपलं भागणार आहे. गोऱ्या पोराने केलं म्हटल्यावर पुढे कुणी विचारतच नाही. सगळ्यांना ते पटतंच. याच गोष्टीच्या उलट बाजूविरुद्ध, काही झालं की काळ्या पोरांवर बोट दाखवण्याविरुद्ध, समितीने वर्षभर पोस्टरं लावली होती. आणि आपण बोललो, तर या गावात आपल्याला कुणी आपलं म्हणायची उरलीसुरली आशा संपली.

"त्याला बोलू नका," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "त्याने विचारा म्हटलं होतं. मीच नको म्हटलं. झाकायचं मी सांगितलं."

जॅरड बघतच राहिला. "तू? तू तर आपल्यातली ना गं?"

 शर्नीने हो म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तर मन तयार नाही.

गर्दी बाजूला झाली आणि काठी टेकत आंटी व्हर्ना आल्या. ठेंगणी बाई, काळा कोट, डोळे सुजलेले. आधी त्या अँगसपाशी गेल्या. "बाळ, तू गाठी सोड," त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. "तुझ्या मनात वाईट नव्हतं, दिसतंय मला." इमोजेनच्या खांद्यावर थोपटलं. "रडू नकोस, पोरी. चांगली मुलं आहात तुम्ही. देव भलं करो." हे असं पाहुण्यांशी बोलतात तसं. मग त्या शर्नीकडे वळल्या, आणि तो सौम्यपणा कुठल्या कुठे गेला.

"आणि तू! अक्कल गहाण टाकली होतीस का गं?"

"आंटी, मला वाटलं... गेलेल्याचा चेहरा..."

"कुणी सांगितलं?"

"टीव्हीवर..."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. "शेम!" एक पोरगी म्हणाली. आंटींनी तिच्याकडे नुसतं बघितलं, ती मागच्या मागे गेली.

"टीव्हीवर! ते वाळवंटाकडचे लोक पाळतात, त्यांच्यात ते बरोबर. आमच्याकडेही पूर्वी पाळत असतील, मला नाही माहीत. माझ्या आईची आई कशी दिसायची हे मला माहीत नाही. एक फोटो नाही! जी पोरं नेली त्यांचा एक फोटो नाही! म्हणून आमच्या घरात माणूस गेला की त्याचा फोटो भिंतीवर चढतो, मोठा करून. सगळ्यांनी बघायचा, नाव घ्यायचं, मोठ्याने. क्लॅरी! क्लॅरी! या फाटकावर त्याला 'ए काळ्या' म्हणायचे. मरताना म्हणाला, व्हर्ना, मला तिथे थांबव, एकदा मीच मला बघतो. आणि आम्ही येऊन बघतो तर काय? गवताची ताडपत्री!"

शर्नीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "खरंच, मला काहीच माहीत नाही, आंटी. मी सगळ्यांना खोटंच सांगते."

"माहीत नव्हतं तर विचारायचं!"

"कुणाला विचारू?" शर्नी एकदम ओरडली. शोकातल्या म्हातारीवर, भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर. "माझं कोण आहे इथे विचारायला?"

 वर अँगस गाठ सोडवत होता, त्याचे हात थांबले.

आंटी व्हर्नांनी काठी दोन्ही हातांत धरली. "क्लॅरीने तुला घरी बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "आईला घेऊन ये म्हणाला होता. प्रत्येक रविवारी भाकरी जास्त करायला लावायचा मला, आज ती पोरगी येईल म्हणून. पाच महिने! मी म्हटलं, निरोप पाठव. तर म्हणायचा, नको, तिला भीती वाटते आहे, तिची ती येऊ दे." त्यांचा आवाज फाटला. "आयव्ही माझ्या मावशीची मुलगी. गाडी आली तेव्हा क्लॅरी सहा वर्षांचा होता, तो तिला घेऊन नदीकाठच्या झाडीत लपला. तिला खोकला आला. बास, सापडली. तिथून सत्तर वर्षं तो त्या एका खोकल्याबद्दल बोलत होता. अंकल म्हणायचीस तू त्याला! तुझा पॉप, आजोबा लागत होता तो. या गोऱ्या पोरांनी झाकलं असतं तर मी शब्द काढला नसता. तू आपल्याच माणसाचं तोंड झाकलंस."

शर्नीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. दोन वर्षं जे ऐकायला तिचा जीव तुटत होता ते हेच होतं, पण ते असं, शिव्या घातल्यासारखं येईल हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. आनंदच होत होता बहुतेक. पण तो शरमेत असा काही मिसळला होता की कुठला कुठे संपतो ते कळेना. पॉप. रोज समोर बसून चहा पीत होता. आणि आपण परीक्षा, ड्युटी.

ताडपत्रीचा वरचा कोपरा सुटला. ती सळसळत खाली आली आणि अंकल क्लॅरी मोडक्या नाकासकट सगळ्यांकडे बघून हसू लागले. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "क्लॅरी!" मग सगळेच नाव घेऊ लागले. शर्नीनेही तोंड उघडलं, पण काय म्हणावं? अंकल? पॉप? नुसतं क्लॅरी? 

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. माणसं पुन्हा चालायला लागली. समिती फुटपाथवर तशीच उभी, आणि शर्नीही तिथेच, इमोजेनच्या शेजारी.

चार पावलं गेलेल्या आंटी व्हर्ना वळल्या. "तिथे काय उभी राहिलीस? घरच्यांनी गाडीमागून चालायचं असतं."

शर्नी फुटपाथवरून उतरली. कुठे चालायचं, पुढे की मागे, तिला समजेना. जॅरडने, अजून रागातच, बाजूला सरकून जागा केली.

"आंटी," ती नाक पुसत म्हणाली, "आईला फोन करू का?"

"अजून केला नाहीस?" आंटी रस्त्यात ओरडल्या.